महाराष्ट्र क्रिकेट संघ : 1948-49 चा रणजी हंगाम

रणजी करंडक स्पर्धेतील महाराष्ट्र संघाचा हा हंगाम दोन सामन्यांमुळे क्रिकेटच्या जागतिक विक्रमांत कायमचा नोंदला गेला. दोन्ही सामने पुण्यातच झाले. पहिल्यात भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर यांनी नाबाद 443 धावा काढल्या. दुसऱ्यात संघाने चौथ्या डावात 604 धावा उभारल्या, तरीही तो मुंबईकडून हरला.

संघाच्या नावाबद्दल थोडे आधीच सांगायला हवे. रणजी स्पर्धा 1934-35 मध्ये सुरू झाली तेव्हापासून हा संघ ‘महाराष्ट्र’ म्हणून खेळतो. महाराष्ट्र राज्य मात्र 1 मे 1960 रोजी अस्तित्वात आले. मुंबई आणि विदर्भ यांचे संघ वेगळे असल्याने उरलेला प्रदेश या संघाच्या वाट्याला येतो. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली संघाने 1939-40 आणि 1940-41 असा लागोपाठ दोनदा करंडक जिंकला होता. त्यामुळे पुण्याच्या प्रेक्षकांना मोठ्या धावसंख्येची सवय होती.

डिसेंबर 1948 मध्ये पूना क्लबच्या मैदानावर काठियावाडचा डाव 238 धावांत संपला. महाराष्ट्राकडून निंबाळकर आणि के. व्ही. भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी 455 धावांची भागीदारी केली. त्यात भांडारकरांचे द्विशतक (205) होते. दुसऱ्या गड्यासाठीचा हा जागतिक विक्रम इंग्लंडमध्ये जेमसन आणि कन्हाय यांनी 1974 मध्ये मोडला, म्हणजे तो पंचवीस वर्षे टिकला. भांडारकर बाद झाल्यावरही निंबाळकर थांबले नाहीत. 494 मिनिटे, 49 चौकार आणि एक षटकार असा हिशेब असलेली ही खेळी 443 वर आली तेव्हा संघाच्या धावा झाल्या होत्या 4 बाद 826. डॉन ब्रॅडमन यांचा 1930 मधील नाबाद 452 चा विक्रम मोडायला फक्त दहा धावा हव्या होत्या.

याच वेळी खेळ थांबला. विश्रांतीच्या वेळी काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी डाव घोषित करण्याचा आग्रह धरला. नाहीतर आपला संघ परत जाईल, असे बजावले. महाराष्ट्राने आणखी दोनच षटके मागितली, ती मिळाली नाहीत. पाहुण्यांनी सामना सोडून दिला आणि महाराष्ट्र विजयी ठरला. तीन दिवस चेंडूमागे धावलेल्या संघाची दमछाक समजण्याजोगी आहे. तरी दोन षटकांनी त्यांचे काहीच बिघडले नसते आणि एका फलंदाजाच्या आयुष्यभराच्या खेळीला तिचा शेवट मिळाला असता, असेच म्हणावे लागते. ब्रॅडमन यांनी नंतर पत्र लिहून निंबाळकरांचे कौतुक केले. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये चारशेचा टप्पा ओलांडणारे ते आजही एकमेव भारतीय आहेत. अधिकृत कसोटी सामना मात्र त्यांना एकदाही खेळायला मिळाला नाही, आणि ही त्यांची झालेली उपेक्षाच होय.

मार्च 1949 मध्ये उपान्त्य फेरीत गाठ मुंबईशी पडली. सामना निकाल लागेपर्यंत खेळायचा होता. तो सात दिवस चालला. माधव मंत्री यांच्या 200 धावांच्या बळावर मुंबईने 651 धावा केल्या. महाराष्ट्राने 407 धावांचे उत्तर दिले. 244 धावांची आघाडी हाती असूनही मुंबई दुसऱ्या डावात 8 बाद 714 पर्यंत खेळत राहिली. उदय मर्चंट (143 आणि 156) व दत्तू फडकर (131 आणि 160) यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली. फडकर मूळचे कोल्हापूरचे, निंबाळकरांच्याच गावचे. महाराष्ट्रापुढे 959 धावांचे आव्हान होते. एवढ्या धावा कुणी करीत नाही, हे ठाऊक असूनही संघ खेळपट्टीवर उभा राहिला. एम. आर. रेगे यांनी पहिल्या डावातील 133 धावांना दुसऱ्या डावातील शतकाची जोड दिली. अखेर डाव 604 वर आटोपला आणि मुंबई 354 धावांनी जिंकली. सामन्यात नऊ शतके झाली. चार डावांची बेरीज 2376 भरते आणि प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातील सर्वाधिक धावांचा विक्रम ती आजही राखून आहे.

या हंगामाची आठवण निघाली की 443 चा आकडा तेवढा सांगितला जातो. खरे तर 604 चे मोल त्याहून कमी नाही: 443 दमलेल्या गोलंदाजीविरुद्ध जमले, 604 मात्र त्या वर्षीच्या विजेत्यांविरुद्ध, पराभव समोर दिसत असताना.

अंतिम सामन्यात मुंबईने बडोद्याला 468 धावांनी हरवून करंडक घेतला. निंबाळकर पुढे होळकर, रेल्वे अशा संघांकडूनही खेळले; 11 डिसेंबर 2012 रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. महाराष्ट्राने या हंगामानंतर 1970-71, 1992-93 आणि 2013-14 अशी तीनदा अंतिम फेरी गाठली, पण 1940-41 नंतर करंडक पुन्हा जिंकलेला नाही.