पलंगाखालच्या दोन विटा

चढा वर. ट्रकच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला जागा आहे. इंजिनाच्या झाकणाला पाय लावू नका, पोळेल. मागे कांद्याची पोती, पुढे खंडाळ्याचा उतार, केबिनभर डिझेल आणि बिडीचा धूर. साल १९६१. सीटबेल्ट शोधताय? या ट्रकमध्ये दरवाजासुद्धा सुतळीनं बांधलाय.

तिसऱ्या वळणावर ब्रेक लागत नाही. ड्रायव्हर शहाणा, दरीकडे न जाता ट्रक डोंगराच्या अंगाला घालतो. तुम्ही पुढे सरकता आणि उजवा गुडघा समोरच्या पत्र्यावर आपटतो. गंमत बघा, गुडघ्याला नुसतं खरचटलंय. धक्का मांडीच्या हाडातून सरळ मागे गेला आणि त्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीची मागची कड फोडून बाहेर पडला. पाय आखूड झालाय, गुडघा आत वळलाय. तो सरळ करायचा विचारसुद्धा करू नका. (केलात ना? ओरडलात ते घाटभर ऐकू गेलं.)

वाटी हा शब्द मी गमतीनं वापरत नाही. मांडीच्या हाडाचा गोळा ज्या खोबणीत फिरतो तिला आपण वाटीच म्हणतो, आणि रोमन लोकांनाही तेच सुचलं होतं. वैद्यकात तिचं नाव अ‍ॅसिटॅब्युलम, म्हणजे जेवताना समोर ठेवायची व्हिनेगरची छोटी वाटी. ते लोक कोकणात जन्मले असते तर सोलकढीची म्हणाले असते.

मुंबईच्या सरकारी इस्पितळात तुम्हाला जमिनीवरच्या गादीवर घेतात. नाकावर जाळी, जाळीवर फडकं, फडक्यावर थेंब थेंब ईथर. गोडसर, घशात अडकणारा वास. आकडे म्हणायला सांगतात, तुम्ही सातापर्यंत पोहोचता. पुढचं तुम्हाला वॉर्डातले मामा नंतर रंगवून सांगतील: एकानं कंबर जमिनीशी दाबून धरली, डॉक्टर तुमच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिले, गुडघा काटकोनात वाकवला आणि विहिरीतून घागर ओढावी तसा पाय छताकडे ओढला. ‘खट्‌ झालं, साहेब. दारापर्यंत आवाज!’

गोळा वाटीत गेला. वाटीचं काय?

डार्करूममधून फिल्म येते ती ओली, कोपऱ्यातून पाणी ठिबकणारी, आंबूस वासाची. डॉक्टर ती खिडकीच्या उजेडात धरतात. पुढची कड, मागची कड, माकडहाड, आतड्यातला वायू, सगळं एकावर एक. डोळे बारीक करून बघतात, फिल्म उलटी करून बघतात. मग म्हणतात, ‘ट्रॅक्शनला ठेवा.’ त्यांना नावं ठेवू नका. वाटी कमरेत इतकी खोल आहे की तिच्यापर्यंत जायचं तर वाटेत पायाची मोठी नस आणि मोठ्या रक्तवाहिन्या, आणि पोहोचल्यावर नेमकं काय फुटलंय तेच ठाऊक नाही. अंधाऱ्या माळ्यावर काचेची बरणी शोधण्यासारखं काम. हात न घालण्यात शहाणपण होतं.

ट्रॅक्शन म्हणजे काय हे अंगानंच कळेल. गुडघ्याखाली भुलीची सुई देऊन नडगीच्या वरच्या टोकातून स्टीलची सळई आरपार घालतात, हातानं फिरवायच्या ड्रिलनं. दुखत नाही, पण हाडातली घरघर थेट दाढेत जाणवते. सळईला दोरी, दोरी कप्पीवरून खाली, टोकाला वजन. वजनानं तुम्हीच पलंगावरून घसरू नये म्हणून पायथ्याच्या पायांखाली एकेक वीट. आता डोकं खाली, पाय वर. समोरची भिंत, घड्याळ, सिस्टरची टोपी, सगळं तिरकं. आणि मुक्काम? आठ ते दहा आठवडे. कूस बदलायची नाही.

इथून तुमचं नाव सात नंबर.

पहाटे फिनेलच्या बादलीचा आवाज. मग मावशी बेडपॅन घेऊन येतात. डोक्यावरच्या साखळीला लोंबकळून कंबर उचलायची, दोन हातांवर आणि एका चांगल्या पायावर. पहिले तीन दिवस लाजेनं होतच नाही. चौथ्या दिवशी होतं आणि पाच नंबर टाळ्या वाजवतो. त्यानंतर पाठीला स्पिरिट आणि पावडर, कारण पाठीला जखम झाली की ती खुब्याआधी माणसाला खाते. मे महिना. रबराच्या चादरीखाली घामाची तळी. छताचा पंखा इतका उंच की वारा त्याच्या त्यालाच लागतो. रात्री ढेकूण, खाजवायला हात पोहोचतो तिथे ते येत नाहीत.

शेजारी आठ नंबर, परांचीवरून पडलेला गवंडी. त्याचा गोळा वाटीचा तळ फोडून आत ओटीपोटाकडे गेलाय. त्याला दोन दोऱ्या: एक पायाच्या दिशेनं, दुसरी मांडीच्या वरच्या टोकात बसवलेल्या स्क्रूला, आडवी. दोघं मिळून कोणाच्या वजनाला कोणी धक्का दिला याचा हिशेब ठेवता. भेटीच्या वेळी डब्यांतून बोंबलाचा वास सुटतो, पोरं पलंगांमधून पळतात आणि एखादं कार्टं नेमकं तुमच्या वजनाला झोका देतं. तेव्हा तोंडातून जे निघतं ते आठ नंबरच्या बायकोनं ऐकायला नको होतं. बुधवारी रात्री मात्र सिस्टर कुणाच्या तरी रेडिओवर हळू आवाजात बिनाका गीतमाला लावू देतात. वॉर्डातले सगळे चांगले पाय ताल धरतात.

तुम्ही इथे थोडे पडून राहा, मी तुम्हाला एक चक्कर मारून आणतो. अंगावर काहीतरी घ्या, थंडी आहे. हे गार्श, पॅरिसच्या पश्चिमेला. रेमों-प्वाँकारे इस्पितळातला रोबेर ज्यूदे यांचा विभाग, काळ साधारण तोच. इथली एक्स-रेची मेज बर्फासारखी आणि माणसं निर्दय: फुटक्या खुब्यावर तुम्हाला एकदा या कुशीवर पंचेचाळीस अंश तिरकं करतात, मग त्या कुशीवर. शिव्या मराठीत द्या, कळणार नाहीत. पण त्या दोन तिरक्या फिल्म बघा. एका कोनात पुढची बाजू सुटी दिसते, दुसऱ्यात मागची. मुंबईच्या खिडकीत जो गुंता होता तो इथे सुटतो.

सोडवणारे ज्यूदे यांचे सहकारी, एमिल लेतुर्नेल. कॅनडाजवळच्या सेंट पिएर या मासेमारीच्या बेटावरचे, म्हणजे आपल्या भाषेत दर्यावरचे. त्यांची रीत अशी की फिल्मवरची रेघ आधी हातातल्या कोरड्या हाडावर काढायची, मगच सुरी उचलायची. वाटी म्हणजे नुसती वाटी नाही, हे त्यांनी दाखवलं. ती उलट्या धरलेल्या गलोलीच्या दोन फांद्यांमध्ये बसलेली आहे: पुढची फांदी लांब, मागची आखूड. कोणती फांदी मोडली, कोणती कड गेली, यावरून पाच साधे प्रकार आणि पाच मिश्र. त्यांचा लेख १९६४ साली आला. आजही मुंबईचा निवासी डॉक्टर रात्री तीनला फोनवर वरिष्ठांना खुबा सांगतो तो याच दहा नावांत. मागून जायची वाट आधीपासून होती. जांघेतून पुढच्या फांदीपर्यंत जायची वाट लेतुर्नेलनी काढली.

लगेच इथेच राहायचं म्हणू नका. हे ऑपरेशन तासन्‌तास चालतं आणि रक्त बरंच जातं. कधी पायाची नस दुखावून पाऊल लुळं पडतं, कधी बरं होताना स्नायूतच हाड धरतं. आणि दोरीला लटकलेल्यांतलेही काही छान चालले. दोन्ही फांद्या मोडल्या तर कधी कधी तुकडे गोळ्याभोवती आपले आपण गोळा होऊन नवी वाटी करतात, हे खुद्द लेतुर्नेलनी नोंदवलं. पण मागची कड मोठी फुटलेली असेल, तुमच्यासारखी, तर दोरी काही करत नाही. दहाव्या आठवड्यात सळई काढतील, लाकडी कुबड्या देतील, आणि घरी पानावर बसायची वेळ आली की मांडी घालता येणार नाही. उकिडवं बसणं तर सोडाच. १९६१ च्या चाळीत खुर्चीवरचा संडास कुठून आणणार?

चला, आजच्या दिवसात. सीटी स्कॅनच्या कड्यातून काही सेकंदांत बाहेर. कोणी तिरकं केलं नाही. पडद्यावर तुमचं कमरेचं हाड अधांतरी फिरतंय; डॉक्टर बोटानं मांडीचं हाड पुसून टाकतात आणि वाटीत सरळ डोकावतात. काही ठिकाणी त्याच हाडाची प्लास्टिकची प्रत छापून आदल्या रात्रीच पट्टी तिच्यावर वाकवून ठेवतात. सांधा जोडताना पायरी एक मिलिमीटरपेक्षा जास्त राहू नये यावर वाद चालतो. एक मिलिमीटर! तुमच्या वॉर्डात वजनाचा आकडासुद्धा अंदाजानं ठरत होता.

शेजारच्या पलंगावर गवंडी नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी आहेत, न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवरून घसरलेल्या. हाड ठिसूळ, त्यामुळे ट्रक लागत नाही. त्यांची वाटी सांधायची आणि त्याच बैठकीत अख्खा सांधाही बदलायचा असं ठरलंय. ‘दोन्ही एकदम? मग बिल पण एकच ना हो?’ त्या तुम्हाला विचारतात.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट मुलगी तुम्हाला बसवते. डोकं वर, पाय खाली. घड्याळ सरळ दिसतं. तुम्ही सवयीनं वाकून पलंगाखाली बघता. विटा नाहीत, चाकं आहेत.

‘मांडी कधी घालता येईल?’

‘काका, आधी चालू तर द्या. आणि हा पाय नुसता टेकवायचा, भार नाही द्यायचा. दोन-तीन महिने.’

‘म्हणजे तेवढेच?’

ती बघत राहते. तिला काय माहीत तुम्ही कुठून आलात. अ‍ॅल्युमिनियमच्या कुबड्या ती तुमच्या काखेशी मापून बघते आणि बटण दाबून एक भोक खाली सरकवते.