झाक-दालक्रोझ संस्था, जिनीव्हा

स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहरातील संगीतशिक्षण देणारा सार्वजनिक हिताचा न्यास. चालणे, थांबणे, वळणे, हात हलवणे अशा हालचालींतून संगीत शिकवण्याची पद्धत जगभर युरिदमिक्स या नावाने ओळखली जाते. तिचे शिक्षक घडवणे हे या संस्थेचे सर्वांत महत्त्वाचे काम होय. या पद्धतीचे प्रवर्तक, संगीतकार एमील झाक-दालक्रोझ (१८६५–१९५०) यांच्या मित्रांनी व चाहत्यांनी पैसा उभा करून १९१५ मध्ये ती सुरू केली. त्याच वर्षापासून संस्थेचे वर्ग जिनीव्हातील र्‍यू द ला तेरासिएर या रस्त्यावर भरत आले आहेत.

झाक-दालक्रोझ यांचा जन्म व्हिएन्नाचा, आईवडील स्विस. बालपणीच ते जिनीव्हाला आले. पुढे पॅरिस आणि व्हिएन्ना येथे त्यांनी शिक्षण घेतले. व्हिएन्नात आंतोन ब्रुकनर हे त्यांच्या गुरूंपैकी एक होते. विशीत असताना अल्जिअर्सच्या एका नाट्यगृहात त्यांनी वाद्यवृंदाचे संचालन केले. तेथे कानावर पडलेल्या अरबी संगीतातील विषम लयींनी त्यांना विचारात पाडले. १८९२ मध्ये ते जिनीव्हाच्या संगीत विद्यालयात स्वरसंहतीचे प्राध्यापक झाले आणि एक अडचण त्यांच्या ध्यानात येऊ लागली. कागदावर बिनचूक स्वरसंहती मांडणार्‍या विद्यार्थ्यांना ती मनातल्या मनात ऐकू येत नव्हती. बोटे तयार होती, कान तयार नव्हता. वादनात लय न सांभाळणारा विद्यार्थी रस्त्याने मात्र एकसारख्या गतीने चालतो, हेही त्यांनी पाहिले. लय शरीरात आधीच असते, शिक्षण तिथूनच सुरू व्हायला हवे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वरवर साधा दिसणारा हा निष्कर्ष त्या काळच्या विद्यालयांना पचणारा नव्हता. अनवाणी पायांनी आणि उघड्या दंडांनी वर्गात फिरणार्‍या विद्यार्थिनी पाहून जिनीव्हातील प्रतिष्ठितांच्या भुवया उंचावल्या. मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

पहिले मोठे आर्थिक पाठबळ जर्मनीतून आले. ड्रेस्डेनजवळच्या हेलेराऊ या नव्या उद्याननगरीत वोल्फ डोर्न यांनी झाक-दालक्रोझ यांच्यासाठी शाळा काढली. वास्तुकार हाइनरिख टेसेनो यांनी तिची इमारत रचली, तर आडोल्फ आप्पिया यांनी रंगमंचाच्या योजनेत हातभार लावला. प्रेक्षागृहाच्या भिंतींवर ताणलेल्या पांढर्‍या कापडामागे दिवे बसवलेले होते, त्यामुळे सबंध दालनच उजळत किंवा मंदावत असे. १९१२ आणि १९१३ च्या उत्सवांना युरोपभरचे कलावंत आले. नर्तकी मेरी विगमन आणि मारी रँबर्ट यांनी येथेच शिक्षण घेतले. रँबर्ट पुढे स्ट्राविन्स्कीच्या ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ या नृत्याच्या तालमींत नृत्यरचनाकार निजिन्स्कींच्या साहाय्यक होत्या. पण सारा डोलारा एका माणसाच्या खांद्यावर होता. १९१४ च्या आरंभी डोर्न स्कीइंग करताना अपघातात दगावले. त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. जर्मन तोफांनी र्‍हाँसच्या कॅथीड्रलवर केलेल्या मार्‍याचा निषेध करणार्‍या पत्रकावर झाक-दालक्रोझ यांनी सही केली आणि जर्मनीचे दार त्यांना बंद झाले. याउलट जिनीव्हाच्या संस्थेमागे अनेकांचा हात राहिला, आणि म्हणूनच झाक-दालक्रोझ यांच्या मृत्यूनंतरही ती टिकली असे म्हणता येते.

अध्यापनपद्धती : युरिदमिक्सची तीन अंगे मानली जातात : हालचालींतून लय शिकणे, स्वरज्ञान आणि उत्स्फूर्त वादन. तिन्ही एकत्रच शिकायची असतात. वर्ग मोकळ्या दालनात भरतो आणि शिक्षक पियानोवर बसून त्या क्षणी सुचेल ते वाजवतो. मुले पियानोच्या मात्रांवर चालतात. गती वाढली की पावले आखूड होतात, मंदावली की लांब. संथ लयीत चालणे हा मोठा कस असतो. पाऊल उशिरा टाकून भागत नाही. दोन मात्रांमधला सगळा काळ वजन एका पायावरून दुसर्‍यावर सावकाश नेत भरून काढावा लागतो. काळ, जागा आणि शक्ती यांचे हे नाते एकदा शरीराला कळले की वाद्यावर हात ठेवल्यावर ते आपोआप उतरते, असा या पद्धतीचा विश्वास आहे.

मध्येच शिक्षक ‘हॉप’ असा शब्द उच्चारतो. त्यासरशी आधी ठरलेला बदल करायचा : दिशा उलटायची, दुप्पट वेगाने चालायचे किंवा जागीच थबकायचे. पुढच्या वर्गांतले पाठ अधिक कठीण असतात. हात चार मात्रांचे आवर्तन दाखवत असताना पाय वेगळीच लयाकृती चालतात. एका पाठात शिक्षकाने वाजवलेला खंड विद्यार्थी ऐकतो आणि तो चालून दाखवत असतानाच शिक्षक पुढचा खंड वाजवू लागतो. म्हणजे पाय मागचा खंड चालत असतात, कान पुढचा साठवत असतो. दोन्ही पक्के धरून ठेवायला प्रौढ वादकांनाही घाम फुटतो.

यातून शिक्षकाच्या प्रशिक्षणाला इतके महत्त्व का, ते कळते. या वर्गाचे पुस्तक छापता येत नाही. समोरच्या मुलाचे पाऊल अडखळले की शिक्षकाच्या डाव्या हाताने त्याला उचलणारा ठोका तिथल्या तिथे द्यायचा असतो. मूल दमले असेल तर संगीत हलके करायचे असते. यासाठी उत्तम पियानोवादन, तयार कान, स्वतःचे सजग शरीर आणि मुलांची पारख या चारही गोष्टी एकाच माणसात लागतात, आणि त्या वर्षानुवर्षांच्या सरावानेच येतात. असा माणूस घडवणे खर्चिक असते. खाजगी शिकवण्यांच्या फीवर हे काम उभे राहणे अवघड, म्हणून न्यास आणि सार्वजनिक अनुदान ही त्याची गरज ठरते.

रचना : संस्था खाजगी न्यास असून तिला जिनीव्हा कँटनचे अनुदान मिळते. शहरातील इतर संगीतशाळांबरोबर ती एका महासंघात सामील आहे. व्यावसायिक प्रशिक्षण आता जिनीव्हाच्या उच्च संगीत विद्यालयाच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांतून ‘संगीत आणि हालचाल’ या शाखेत दिले जाते. जिनीव्हाच्या सार्वजनिक प्राथमिक शाळांतही हा विषय शिकवला जातो. शिक्षकांना शिकवण्याचा अधिकार देणारी सर्वोच्च पदविका जगात फक्त या संस्थेकडून मिळते. त्याखालच्या पात्रता अमेरिका, जपान आदी देशांतील केंद्रे देतात. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात असे केंद्र आहे. ही उतरंड काहींना फार कडक वाटते. तथापि दोन दिवसांच्या शिबिरानंतर स्वतःला तज्ज्ञ म्हणवणार्‍यांपासून पद्धतीचे रक्षण करण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग दिसत नाही.

प्रभाव : संगीतकार फ्रांक मार्तँ यांनी संस्थेत अध्यापन केले. मिमी शाइब्लाउअर यांनी हीच तत्त्वे झ्यूरिखमध्ये कर्णबधिर आणि मतिमंद मुलांच्या शिक्षणात वापरली. जपानमध्ये सोसाकु कोबायाशी यांनी ती नेली. पॅरिसमध्ये दालक्रोझ पद्धतीचे शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी १९३७ मध्ये टोकियोत तोमोए शाळा काढली. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ मराठीत आवडीने वाचले जाते. त्यातील आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा ती हीच आणि मुख्याध्यापक पियानोवर बसून मुलांना चालायला लावतात तो वर्ग युरिदमिक्सचा. अनेक मराठी पालक आणि शिक्षक अशा प्रकारे या पद्धतीला भेटलेले आहेत.

अलीकडे वृद्धांसाठीचे वर्ग हे संस्थेच्या कार्याचे एक नवे अंग बनले आहे. जिनीव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयातील संशोधकांनी पडण्याचा धोका असलेल्या, ६५ वर्षांवरील १३४ व्यक्तींवर केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एक तास, सहा महिने, पियानोच्या साथीने चालण्याचे वर्ग घेतले गेले. सहभागींची चाल अधिक स्थिर झाली आणि पडण्याचे प्रमाण घटले. चालता चालता दुसरे काम करणे वृद्धांना विशेष धोक्याचे असते. पाय एक आणि हात दुसरे करत असतानाही तोल सांभाळण्याचा सराव या वर्गांतून झाला होता.