आभाळाची ओळख

बीड जिल्ह्यातील आमच्या जुन्या माणसांकडे घड्याळ नव्हतं. ऊसतोडीच्या फडावर कोयता घेऊन कधी निघायचं, हे ते आभाळाकडे बघून ठरवायचे. सप्तर्षींच्या चार ताऱ्यांना ते 'बाजलं' म्हणत आणि मागच्या तिघांना चोर. मृगातल्या एका ओळीतल्या तीन ताऱ्यांना 'तिकांडं' म्हणत. थंडीत तिकांडं मावळतीला कललं की आज्या पोरांना हाक मारायच्या. ही विद्याच होती. पण विद्या म्हणजे पोथी, आणि पोथी आम्हाला बंद.

बौद्ध साहित्य मात्र वेगळंच सांगतं. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात अरण्यात राहणाऱ्या भिक्खूंनी नक्षत्रं आणि दिशा शिकून घ्याव्यात, असा नियम आहे. तो वाट आणि वेळ कळावी म्हणून. भविष्य सांगण्यासाठी नव्हे.

'दिव्यावदाना'तील शार्दूलकर्णाची कथा तर आपण मुलांना आवर्जून सांगावी. मातंगांचा राजा त्रिशंकू आपल्या मुलासाठी पुष्करसारी ब्राह्मणाच्या मुलीला मागणी घालतो. ब्राह्मण संतापतो. तेव्हा त्रिशंकू जातिभेद खोडून काढतो आणि अठ्ठावीस नक्षत्रं मांडून दाखवतो : कृत्तिकेचे तारे सहा, आकार वस्तऱ्यासारखा, मृगाचे तीन, आकार हरणाच्या डोक्यासारखा. शेवटी ब्राह्मण मुलगी देतो. या ग्रंथात शकुन-भविष्यही पुष्कळ आहे, ते आपण सोडून द्यावं. पण ज्याला हलकं मानलं, त्याच्या तोंडून आकाशाचं ज्ञान यावं, ही गोष्ट लहान नाही. हा ग्रंथ पुढे चिनी भाषेतही गेला.

चीनमधील दुनहुआंगच्या बौद्ध लेण्यांत इ. स. सातव्या शतकातील मानला जाणारा ताऱ्यांचा नकाशा मिळाला. ऑरेल स्टाइन यांनी तो १९०७ मध्ये नेला. आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. दुर्बिणीच्या कितीतरी आधी, नुसत्या डोळ्यांनी पाहून त्यात तेराशेहून अधिक तारे नोंदवले आहेत.

मग आपण काय करतो? मुलीचं लग्न ठरलं की गुपचूप मुहूर्त विचारून येतो! नक्खत्त जातकात नक्षत्र वाईट म्हणून वरपक्ष ठरल्या दिवशी आलाच नाही. वधूपक्षाने मुलगी दुसरीकडे दिली. तारे काय करणार, असंच तिथला शहाणा माणूस विचारतो.

ताऱ्यांना भ्यायचं नसतं, ओळखायचं असतं. म्हणून वैशाखी पौर्णिमेला मुलांना विहाराच्या अंगणात थोडा वेळ बसवू या. विशाखा कुठे, बाजलं कुठे, ते दाखवू या. आज्यांची नावंही सांगू या. ती कुठल्याच पोथीत नाहीत. आपण विसरलो तर ती कायमची गेली.