नाम, रूप आणि जेसन

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने संगणकाच्या मजकुरावर का बोलावं, असं तुमच्या मनात आलं असेल. पण प्रश्न आपल्याच घरातला आहे, आणि जुना आहे. वस्तू ओळखायची ती रूपावरून, की नावावरून?

दोन संगणक एकमेकांना माहिती पाठवतात ती पुष्कळदा जेसन नावाच्या लेखनपद्धतीत. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास ती प्रचारात आणली. ते म्हणतात, मी ती घडवली नाही, मला ती सापडली. जावास्क्रिप्टमध्ये ती होतीच. तिच्यात मोजकेच प्रकार आहेत: मजकूर, संख्या, खरं-खोटं, 'नल', यादी, आणि नाव-मूल्यांच्या जोड्या. अमुक जोडी असलीच पाहिजे, असा आग्रह ती धरत नाही. जावासारख्या भाषेत मात्र आधी साचा लिहावा लागतो, त्याला क्लास म्हणतात. आलेला मजकूर साच्यात बसवायचा, की ऑब्जेक्ट तयार. आता मजकूर कधी या घडणीचा, कधी त्या घडणीचा येत असेल, तर साचा कोणता घ्यायचा?

हा पेच जेसनच्या कितीतरी आधीचा आहे बरं का. निक्लाउस विर्थ यांनी १९७० साली पास्कल भाषा प्रसिद्ध केली. तिच्यात एकाच नोंदीला अनेक पर्यायी रूपं देता येत, आणि त्यातलं कुठलं रूप समोर आहे हे सांगणारी एक खूण ठेवता येई. पण ती खूण गाळण्याचीही मुभा होती. सी भाषेच्या 'युनियन'मध्ये तर खूण मुळातच नाही. लक्षात ठेवणं प्रोग्रामरच्या माथी. तो विसरला, की जे अक्षर म्हणून ठेवलं ते संख्या म्हणून वाचलं जाई. एडिनबरा इथे घडलेल्या होप भाषेने ही पळवाट बंद केली. पर्याय कितीही असोत, प्रत्येकाला नाव हवंच. म्हणजे धडा मिळालेला होता. जेसन आलं आणि तो प्रत्येकाला पुन्हा गिरवावा लागला.

नकाशांच्या माहितीसाठी २००८ मध्ये जिओजेसन ही पद्धत ठरली. २०१६ मध्ये तिचा आरएफसी ७९४६ झाला. पुण्याचा एक बिंदू लिहायचा तर दोन संख्यांची यादी: ७३.८५ आणि १८.५२, रेखांश आधी. रेषा लिहायची तर अशा जोड्यांची यादी. आता गंमत बघा. सुटे बिंदू एकत्र लिहायचे तरी जोड्यांचीच यादी! रूप तेच. मग ही गावं जोडणारा रस्ता आहे, की नुसती विखुरलेली गावं? आकड्यांकडे कितीही बघा, कळणार नाही. म्हणून जिओजेसनने प्रत्येक आकृतीला 'टाइप' हा रकाना सक्तीचा केला. आधी नाव वाचा, मग साचा निवडा.

अंदाजाने साचा निवडला तर काय होतं? कित्येकदा काहीच होत नाही, आणि तेच घातक आहे. जावामध्ये साध्या संख्येचा रकाना भरलाच गेला नाही, तर तिथे शून्य राहतं. रेखांश शून्य, अक्षांश शून्य ही जागा गिनीच्या आखातात आहे. नकाशेवाले तिला थट्टेने 'नल आयलंड' म्हणतात. पुण्यातलं घर मुकाट्याने आफ्रिकेजवळच्या समुद्रात जातं, आणि कुणी हटकतही नाही. 'माहीत नाही' याचं 'शून्य' झालं, ही चूक गणिताची नव्हे, ज्ञानाची आहे.

मग नावावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा का? तेही नाही. जॅक्सन हे जावातलं जेसन वाचण्याचं प्रसिद्ध साधन. त्यात अशी एक सोय होती की मजकूरच क्लासचं नाव सांगेल आणि साधन तो क्लास उभा करील. २०१७ मध्ये नोंद झालेल्या दोषातून दिसलं, की ही सोय चालू असेल तर परका माणूस घातक क्लासचं नाव लिहून आपल्या यंत्रावर हवी ती आज्ञा चालवू शकतो. म्हणजे नाव पाहुण्याने सांगावं, पण कुणाला आत घ्यायचं ती यादी यजमानाची हवी.

वात्स्यायनांनी न्यायभाष्यात शास्त्राच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: उद्देश, लक्षण, परीक्षा. आधी नाव घ्या, मग त्याला इतरांपासून वेगळं करणारा धर्म सांगा, मग तो खरोखर लागू पडतो का ते तपासा. चांगला प्रोग्राम हेच करतो. खूण वाचतो, आपल्या यादीतला साचा काढतो, रकाने तपासतो. आणि अनोळखी नाव आलं तर जवळचा साचा गळ्यात मारत नाही. 'हे मला ओळखता येत नाही' असं स्पष्ट सांगतो.

एवढं सांगायचं धैर्य यंत्राला आपणच द्यायचं असतं. माणसांच्या बाबतीतही तेवढं पाळलं तर बरं. इथेच थांबतो.