तळटीप : विमानांवर महातोफांचा मारा

१. ग्रंथकर्त्याने येथे केलेला उल्लेख जपानी आरमाराच्या ‘यामातो’ व ‘मुसाशी’ या युद्धनौकांवरील ४६ सेंटिमीटर व्यासाच्या तोफांविषयी आहे. या तोफांसाठी शेकडो ज्वालाग्राही नळकांड्यांनी भरलेला ‘सान्-शिकी’ नामक गोळा मुद्दाम सिद्ध करण्यात आला होता. तो नियोजित वेळी आकाशात फुटून समोरून येणाऱ्या विमानांवर पेटत्या नळकांड्यांचा वर्षाव व्हावा, अशी योजना होती. परंतु मिनिटास जेमतेम दीड-दोन बार काढणारी अवजड तोफ आणि क्षणोक्षणी दिशा व उंची बदलणारे विमान यांचा मेळ बसणे दुर्घट. शिवाय बाराच्या दणक्यामुळे उघड्या डेकवरील लहान विमानवेधी तोफांच्या गोलंदाजांस आडोसा घेणे भाग पडे, तो तोटा निराळाच. २४ ऑक्टोबर १९४४ रोजी सिबुयान समुद्रात हे गोळे डागूनही ‘मुसाशी’ अमेरिकी विमानांच्या बाँबांनी व टॉर्पेडोंनी जलसमाधीस गेली, आणि ७ एप्रिल १९४५ रोजी ‘यामातो’चीही तीच गत झाली. अमेरिकी आरमाराने मात्र १९४३ पासून आपल्या ५ इंची तोफांच्या गोळ्यांत, विमानाच्या सान्निध्यात येताच आपोआप फुटणारा रेडिओ-फ्यूज वापरण्यास आरंभ केला होता, व विमानवेधाच्या कामी त्या लहान तोफाच कितीतरी अधिक कार्यक्षम ठरल्या. — संपादक