सात घरांची मांजरी

मांजरी व्याली की पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्या आजीबाया सांगत आल्या. दुसऱ्या महायुद्धाचा धडा शिकवताना मी मुलांकडून सेनापतींची नावे पाठ करून घेतो. पण त्याच युद्धाने या समजुतीलाही एक साक्षीदार दिला आहे.

लंडनमध्ये सेंट पॉल्सच्या घुमटाशेजारी सेंट ऑगस्टिनचे चर्च होते. १९३६ साली तेथे एक बेवारशी मांजरी आली. धर्मगुरू हेन्री रॉस यांनी तिला आसरा दिला. नाव ठेवले फेथ, म्हणजे श्रद्धा. १९४० च्या ऑगस्टमध्ये ती व्याली. पिल्लू एकच, काळेपांढरे. वरच्या मजल्यावर मायलेकरांची छान सोय होती.

सप्टेंबर उजाडला आणि फेथ एकाएकी बिथरली. मानगुटीला धरून तिने पिल्लू तळघरातल्या धुळकट कोपऱ्यात नेले. रॉससाहेबांनी ते वर आणले. तिने पुन्हा खाली नेले. असे दोनतीनदा झाल्यावर त्यांनीच हार मानली. ९ सप्टेंबरच्या रात्री जर्मन बॉम्बने ती वास्तू कोसळली. सकाळी साहेबांनी ढिगाऱ्यात हाका मारल्या, तो फेथ पिल्लाला कुशीत घेऊन बसलेली! दोघेही जिवंत. १९४५ साली तिला रौप्यपदक मिळाले.

तिला भविष्य कळले, असे पुष्कळांना वाटते. मला नाही वाटत. विणीनंतर मांजरीच्या शरीरात वात्सल्य जागवणारी संप्रेरके वाढतात. एरवीची गरीब मनी मग ओळखीच्या माणसावरही फिसकारते, पिल्लांपाशीच पडून राहते. वर्दळ वाढली, कोणी पिल्लांना हात लावला, की ती जागा तिला धोक्याची वाटते. पिल्लाला पळता येत नाही. म्हणून तीच बिऱ्हाड हलवते. फेथने केले ते आपल्या माळ्यावरची मनीही करते.

पण म्हणून पदक खोटे ठरत नाही. भोवती भिंती कोसळत असता ती पिल्लाला सोडून गेली नाही, याला भविष्यज्ञान लागत नाही, आईपण लागते. आणि थोडे श्रेय रॉससाहेबांचेही. आपली सोय बाजूला ठेवून त्यांनी तिचे ऐकले.

वाचकहो, घरात कधी फडताळामागे व्यालेली मनी सापडली, तर मुलांचे हात आवरा, जवळ दूधभात न् पाणी ठेवा, आणि जागा तिची तिला निवडू द्या.