पंचमची गाणी, परका वाद्यमेळ आणि मूळचाच आवाज

गाजलेले गाणे नव्या गायकाकडून पुन्हा गाऊन घेण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. १९८०च्या दशकात स्वस्त कॅसेटींमधून जुन्या चित्रपटगीतांच्या अशा आवृत्त्या घरोघरी पोहोचल्या आणि जाणत्या रसिकांच्या मनात त्यांच्याविषयी अढी बसली, ती बसलीच. आवाज दुसऱ्याचा आणि वाद्यमेळाच्या जागी सिंथेसायझर, असा तो मामला होता. ऑगस्ट २००५ मध्ये ‘नॉनसच’ या अमेरिकी कंपनीने प्रकाशित केलेला ‘यू हॅव स्टोलन माय हार्ट’ हा अल्बम याच जातकुळीतला. मात्र येथे वाद्यमेळ परका आहे आणि आवाज मूळचाच.

राहुलदेव बर्मन यांच्या १२ रचना या अल्बमात आहेत. निर्माता डेव्हिड हॅरिंग्टन हा व्हायोलिनवादक. त्याने १९७३ मध्ये सिएटल येथे ‘क्रोनोस क्वार्टेट’ ही तंतुवाद्यांची चौकडी स्थापन केली. दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो, एवढाच तिचा संसार. पंचमच्या संगीताशी तिची ओळख आधीच झाली होती; २००० सालच्या ‘कॅराव्हॅन’ या अल्बमात ‘अनामिका’ चित्रपटातील एक गीत तिने वाजवले होते. पाच वर्षांनी संपूर्ण अल्बमच पंचमला वाहायचे ठरले, तेव्हा पाहुणी गायिका म्हणून सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांना पाचारण करण्यात आले. तबल्यावर झाकिर हुसेन (१९५१-२०२४) आणि ‘पिपा’ या चिनी वाद्यावर वू मान होत्या. ‘चुरा लिया है तुमने’ या शीर्षकाचेच इंग्रजी रूप अल्बमच्या नावात आले.

खरी अडचण येथेच होती. पंचमचे गाणे म्हणजे केवळ चाल नव्हे. बासू चक्रवर्ती, मनोहारी सिंग आणि मारुतीराव कीर या सहायकांच्या साथीने उभा राहिलेला ताल, श्वास आणि वस्तूंचे आवाज हाही त्या रचनेचाच भाग असे. १९७३च्या ‘यादों की बारात’मधील त्या गीताच्या आरंभीची काचेची किणकिण वगळली, तर गाणे अपुरे वाटते. चार तंतुवाद्यांतून हा पसारा मावणार कसा? चौकडीने आपलेच वादन एकावर एक ध्वनिमुद्रित केले आणि की-बोर्डही स्वतःच हाताळले. तरीही ‘पिया तू अब तो आजा’मधील मूळचा बेभान ठेका येथे काहीसा सोवळा झाला आहे, हे मान्य करावे लागते.

उलट ‘मेरा कुछ सामान’ या प्रयोगात फुलते. ‘इजाजत’ (१९८७) मधील या मुक्तछंदातील गीतासाठी गुलजार आणि आशाताई या दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. मूळ गाण्यातही शब्दांना ऐसपैस जागा आहे. चेलोचा खर्ज ती अडवत नाही. आशाताईंनी तेव्हा सत्तरी ओलांडली होती. आवाजात वय जाणवते, पण शब्द टाकण्याची ती लकब तशीच आहे.

या अल्बमला ग्रॅमीचे नामांकन मिळाले. २००६ मध्ये त्या विभागातील पुरस्कार ब्राझीलच्या जिल्बर्तो जिल यांना गेला. आशाताईंना त्यापूर्वी १९९७ मध्ये उस्ताद अली अकबर खाँ यांच्यासमवेतच्या ‘लेगसी’साठी नामांकन मिळाले होते. अल्बमातील चार रचना मात्र गायनाविना, केवळ वाद्यांवर आहेत. पंचमच्या चाली गायकीवाचूनही उभ्या राहतात का, हे ज्यांना पडताळायचे असेल त्यांनी आधी त्या ऐकाव्यात.